व्हीए बघून यूपीएस घेऊ नका

सध्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "घरी इन्व्हर्टर असेल तर कॉम्प्युटरला यूपीएस लागतच नाही. घ्यायचाच तर जास्त व्हीएचा घ्या, तितका जास्त वेळ चालतो. बॅटरी सीलबंद असते, पाच वर्षं बघायचं काम नाही."

मधल्या वाक्यानं लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात, म्हणून आधी ते. यूपीएस म्हणजे लाइन गेली की पीसीला थोडा वेळ चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, आणि व्हीए म्हणजे तो एका वेळी किती भार पेलतो तो आकडा. किती वेळ पेलतो, ते बॅटरी ठरवते. 600 व्हीएचा साधा यूपीएस बहुधा 360 वॅटच देतो आणि आत 12 व्होल्ट, 7 एएचची (अँपिअर-तास, बॅटरीत किती साठतं त्याचं माप) एकच बॅटरी असते. म्हणजे 84 वॅट-तास. मॉनिटरसकट 150 वॅट ओढणारा पीसी कागदावर अर्धा तास चालेल. प्रत्यक्षात पंधरा मिनिटं मिळाली तरी खूप. कारण 7 एएच हे माप वीस तासांत हळूहळू रिकाम्या होणाऱ्या बॅटरीचं आहे, भसाभस उपसली तर ती तेवढं देत नाही. तीच बॅटरी 800 व्हीएच्या डब्यात आली तर किंमत वाढते, मिनिटं नाही. दुकानात विचारायचं ते एवढंच: आत बॅटऱ्या किती, कितीच्या एएचच्या? आणि लाइन चार-चार तास जात असेल, तर फाइल सेव्ह करून पीसी नीट बंद करण्यापलीकडे यूपीएसकडून अपेक्षाच ठेवू नका.

इन्व्हर्टरचं म्हणणं अर्धं खरं आहे. साध्या मोडवर तो बॅटरीवर येईपर्यंत पीसी रिस्टार्ट होऊ शकतो. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर टाकला की सहसा होत नाही. पण त्या मोडमध्ये साधारण 180 व्होल्टखाली तो लाइनच घेत नाही. रब्बीच्या ओलितात डीपीवर मोटारी चढल्या की आपल्याकडे किती व्होल्टेज उरतं, सांगायला नको. लाइन असून इन्व्हर्टर बॅटरी उपसत बसतो, आणि रात्री लाइन खरंच गेली की पंखाही बंद! 145 व्होल्टपर्यंत लाइनवरच चालणारे, आत स्टॅबिलायझर असलेले यूपीएस मिळतात. तसा घ्या आणि तो इन्व्हर्टरच्या नाही, थेट मेनच्या सॉकेटवर लावा.

राहिली पाच वर्षं. सीलबंद बॅटरीचं आयुष्य 25 अंशांना धरलेलं असतं. वर दर दहा अंशांना ते जवळपास निम्मं होतं. अकोला, चंद्रपूरकडचा 45 अंशांचा मे महिना आणि टिनाची खोली, मग हिशेब तुम्हीच करा. दर महिन्याला फाइल सेव्ह करून बोर्डवरचं बटण बंद करायचं आणि पीसी किती मिनिटं टिकतो ते बघायचं. दोन-तीन मिनिटांवर आला तर फक्त बॅटरी बदला, नवा यूपीएस लागत नाही.