तहान लागत नाही म्हणजे पाणी नको, असं नसतं
सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय ना की म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते म्हणजे शरीराला पाणी कमीच लागतं, ते चुकीचंय. वयाप्रमाणे तहानेची जाणीव मंदावते, पाण्याची गरज कमी होत नाही. हार्ट किंवा किडनीमुळे डॉक्टरांनीच पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. माझी आत्या बोरिवलीत एका वृद्धाश्रमात होती, ऑक्टोबरचा उकाडा, उशाशी तांब्या भरलेला पण हात पोचणार नाही असा, आणि तिथल्या कामवाल्या मावशी म्हणतात सारखं डायपर कोण बदलणार! याला हलगर्जीपणाच म्हणतात. पाणी कमी पडलंय का ते हाताची चामडी ओढून बघू नका, म्हातारपणी ती तशीही सैल असते. जीभ कोरडी, लघवी गडद, माणूस अचानक बरळायला लागला तर लगेच डॉक्टर. तक्रारीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.