शून्य पराभव म्हणजे सर्वश्रेष्ठ? रॉकी मार्सियानोवरच्या फॉरवर्डला उत्तर

बॉक्सिंग शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. तो असा: "रॉकी मार्सियानो. ४९ लढती, ४९ विजय. आयुष्यात कधी हरला नाही, कधी खाली पडला नाही. जो लुईसला ऐन भरात लोळवलं. तो मोहम्मद अलीला हरवतो, हे कॉम्प्युटरनेही सिद्ध केलं. अली पाच वेळा हरला. निवृत्त होताना ज्याच्या नावावर एकही हार नाही तोच खरा चॅम्पियन. हरलेला महान नसतो. मुलांना दाखवा."

मुलांना दाखवला गेलाच. माझी भाची मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात सरावाला जाते. आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ मध्ये पोलंडला युवा जागतिक स्पर्धेत ८१ किलोंवरच्या गटात सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून या पोरीच्या डोक्यात बॉक्सिंगच आहे. परवा जिल्हा स्पर्धेत ती पहिल्याच लढतीत गुणांवर हरली आणि त्याच संध्याकाळी हा मजकूर तिच्या हातात पडला. मला म्हणाली, "मामा, माझ्या नावावर तर आताच हार लागली न. मग कशाले जाऊ मी आता?" म्हणून हे लिहितो आहे. एरवी अशा फॉरवर्डला मी उत्तर देत बसत नाही.

आधी जे खरं आहे ते मान्य करतो. मार्सियानोनं व्यावसायिक कारकिर्दीत ४९ पैकी ४९ लढती जिंकल्या, त्यातल्या ४३ नॉकआउटनं. २७ एप्रिल १९५६ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यानं निवृत्ती जाहीर केली. व्यावसायिक रिंगणात एकदाही न हरता निवृत्त झालेला तो एकमेव हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटातला, विश्वविजेता आहे. ही कामगिरी मोठीच आहे. पण मार्सियानोबद्दल या मजकुरात खरं एवढंच आहे.

"कधी खाली पडला नाही" हे सरळ खोटं आहे. २३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया, जर्सी जो वॉलकॉटविरुद्धची विजेतेपदाची लढत. तिचं चित्रण इंटरनेटवर आहे, कुणीही बघावं. पहिल्याच फेरीत वॉलकॉटचा लेफ्ट हुक बसतो आणि मार्सियानो खाली जातो. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या गुणांच्या कार्डावर मार्सियानो मागे होता. तेराव्या फेरीत त्याचा उजव्या हाताचा ठोसा वॉलकॉटच्या जबड्यावर बसला आणि लढत तिथेच संपली. शेवटच्या लढतीतही, सप्टेंबर १९५५ मध्ये, आर्ची मूरनं त्याला दुसऱ्या फेरीत पाडलं होतं, आणि तो उठून जिंकला. या माणसाचं मोठेपण दोन्ही वेळा उठण्यात आहे. मजकूर लिहिणाऱ्यानं नेमकं तेच पुसून टाकलं.

जो लुईसचं तर सांगायलाही वाईट वाटतं. ऑक्टोबर १९५१ मध्ये मार्सियानोपुढे उभा असलेला माजी विश्वविजेता लुईस ३७ वर्षांचा होता. निवृत्त होऊन तो परत आला होता, कारण आयकराची देणी डोक्यावर होती. आठव्या फेरीत तो दोरांमधून बाहेर फेकला गेला. लुईस हा मार्सियानोचा आदर्श. त्याला हरवल्यावर मार्सियानो रडला. याला "ऐन भरात लोळवलं" म्हणणं हा दोघांचाही अपमान आहे. विजेतेपदासाठी मार्सियानोपुढे आलेले वॉलकॉट आणि मूर हेही चाळिशीकडे झुकलेले होते. उत्तम बॉक्सर होते, पण वय होतं. हे त्याचा पराक्रम पुसत नाही. पण सर्वश्रेष्ठ ठरवायला बसलात तर समोर कोण होतं आणि कोणत्या वयात होतं, हे मोजावंच लागतं.

आता कॉम्प्युटर. १९६९ मध्ये मायामीतल्या एका स्टुडिओत अली आणि मार्सियानो यांना रिंगमध्ये उभं करून फेऱ्यांचं चित्रण केलं गेलं. अलीवर तेव्हा बंदी होती. मार्सियानो ४५ वर्षांचा होता, तरुण दिसावा म्हणून त्याला केसांचा टोप घातला होता. ते खरं लढलेच नाहीत. शेवटही वेगवेगळे चित्रित करून ठेवले होते. नंतर कॉम्प्युटरच्या हिशेबानुसार निवडलेला शेवट जानेवारी १९७० मध्ये दाखवला गेला: तेराव्या फेरीत मार्सियानोचा नॉकआउट. त्याआधी याच निर्मात्याच्या रेडिओवरच्या कॉम्प्युटर स्पर्धेत अली जिम जेफ्रीजकडून हरला होता, म्हणजे १९०५ साली विजेतेपद सोडलेल्या माणसाकडून. अलीनं त्यावर दावाही ठोकला होता. याला कुणी पुरावा म्हणत असेल तर बॉक्सिंगवर बोलायचा त्याला अधिकार नाही.

आणि आता ते वाक्य, ज्यानं माझ्या घरातल्या पोरीला सराव सोडायच्या टोकाला नेलं. "हरलेला महान नसतो."

अली पाच वेळा हरला, बरोबर. कधी हरला ते बघा. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये त्याचं विजेतेपद काढून घेतलं. पंचविशीपासून पुढची साडेतीन वर्षं त्याला लढू दिलं नाही. परतल्यावर १९७१ मध्ये फ्रेझरकडून हरला, १९७३ मध्ये नॉर्टनकडून हरला, जबडा मोडला. दोघांनाही त्यानं पुढे दोन-दोनदा हरवलं. बाकीच्या तीन हारी वयाच्या ३६ व्या वर्षानंतरच्या, आणि त्यातल्या स्पिंक्सकडूनही त्यानं विजेतेपद त्याच वर्षी परत घेतलं. १९७५ च्या फ्रेझरविरुद्धच्या मनिला लढतीनंतर तो थांबला असता तर त्याच्या नावावर दोनच हारी राहिल्या असत्या, दोन्ही फेडलेल्या. हेवीवेट विश्वविजेता लॅरी होम्स सप्टेंबर १९८५ पर्यंत ४८-० होता, म्हणजे ४८ विजय, शून्य हार. एक लढत आधी थांबला असता तर त्याचाही शून्य टिकला असता. त्या एका लढतीनं त्याची आधीची सात वर्षांची सत्ता लहान झाली का? निवृत्तीच्या दिवशीचा शून्य मुख्यतः एवढंच सांगतो की माणूस कधी थांबला.

ज्या जो लुईसला हरवल्याची मजकुरात फुशारकी आहे, त्याचंच बघा. १९३६ मध्ये श्मेलिंगनं त्याला बाराव्या फेरीत नॉकआउट केलं. पुढच्या वर्षी लुईस विश्वविजेता झाला. जून १९३८ मध्ये श्मेलिंग पुन्हा समोर आला, आणि लुईसनं त्याला १२४ सेकंदांत संपवलं. नंतर तो १९४९ पर्यंत विजेता राहिला, २५ वेळा विजेतेपद राखलं. मार्सियानोनं राखलं सहा वेळा. मजकुराच्या नियमानं लुईस १९३६ मध्येच बाद व्हायला हवा होता.

राहिलं "आयुष्यात कधी हरला नाही". हेही खोटं आहे. मार्च १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या गोल्डन ग्लव्ह्ज स्पर्धेत, हौशी बॉक्सर असताना, मार्सियानो कोली वॉलेसकडून गुणांवर हरला. गुणांवरच, माझी भाची हरली तसाच. व्यावसायिक रिंगणातल्या ४९ पैकी ४८ लढती त्यानं या हारीनंतर जिंकल्या. हा मजकूर ज्यांनी मुलांच्या ग्रुपवर टाकला त्यांनी तो काढावा, आणि त्या जागी वॉलकॉटच्या लढतीचं चित्रण टाकावं, पहिल्या फेरीसकट.