‘कारकुनी’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

उन्हाळी प्रकल्पावरच्या माझ्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया ज्यांच्या नजरेतून सुटली असेल, त्यांच्यासाठी ती इथे देते:

“एसवाय-टीवायच्या पोरांना मे महिन्यात तुरुंगाच्या जुन्या वह्या उतरवायला बसवायचं आणि त्या कारकुनीला संशोधन म्हणायचं, हे फक्त पुण्यातच चालतं. येरवड्यात चापेकर फासावर गेले, गांधीजी राहिले. ते सोडून भुरट्या चोरांच्या याद्या कशाला? त्यांचे वंशज आज आपल्यात असतील, त्यांचा विचार केलात का? आणि पोरांना पैसे किती देता तेही सांगा.”

प्रश्न विचारायला माझी कधीच ना नव्हती. या ब्लॉगवर माझ्याशी कडाकडा भांडलेले वाचक आहेत आणि त्यांच्याशी माझा आजही स्नेह आहे. पण ‘पोरांना बसवायचं’, ‘फक्त पुण्यातच चालतं’ हा काय सूर झाला? तुमची प्रतिक्रिया त्या मुलांनीही वाचली. एका मुलीने रात्री उशिरा मला विचारलं, “मॅडम, आपण खरंच नुसतं उतरवतच होतो का?” भर सुट्टीत, उन्हातान्हात बस बदलून येणाऱ्या मुलीच्या मनात तुम्ही हे भरवलंत. नाव लपवून.

एक गोष्ट मान्य करते. लेखातले फोटो फारच लहान होते, वहीचे रकाने वाचता येत नव्हते. आता मोठे टाकले आहेत.

राहिली कारकुनी. माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. त्यांच्या हातून गेलेल्या नोंदींवर गावोगावचे जमिनीचे दावे निकालात निघाले. त्यामुळे हा शब्द कुणी शिवीसारखा वापरला की मला लागतं, आणि लागणारच. मी एम.ए.ला असताना एका प्राध्यापकांनी मला सुनावलं होतं, मुलींनी दफ्तरात धूळ खाण्यापेक्षा छापील पुस्तकांवर काम करावं. मी भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकले आणि पेशवे दफ्तरात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, सोडून बसले. उतरवता उतरवताच मला वाचता यायला लागलं. दुसरा रस्ता मला तरी आजवर कुणी दाखवलेला नाही.

आता या मुलांनी काय केलं ते ऐका. 1899-1900 च्या दुष्काळाच्या आसपासची, घाटावरच्या एका तुरुंगाची दाखल कैद्यांची वही. इंग्रजी लपेटी अक्षर, शाई विटलेली. नाव, बापाचं नाव, जात, वय, गाव, धंदा, गुन्हा, वजन, अंगावरच्या खुणा असे रकाने. एक मुलगा पानामागून पान उतरवत होता आणि मध्येच थांबला. डाव्या भुवईवर जुना व्रण, उजव्या हाताची करंगळी वाकडी, ही नोंद त्याने आधी कुठेतरी लिहिली होती. मागे जाऊन शोधली. नावाचं स्पेलिंग वेगळं, गावाचंही वेगळं, पण माणूस तोच. दोन्ही वेळा गुन्हा ज्वारीच्या चोरीचा. पहिल्या नोंदीत धंदा ‘शेती’, दुसऱ्या नोंदीत ‘मजुरी’. आणि वजन दुसऱ्या वेळी कमी.

कॉम्प्युटरने ही दोन माणसं मोजली असती. या मधल्या काळात त्याची जमीन गेली का, हे त्या मुलाने विचारलं, मी नाही. त्या एका प्रश्नापायी तो सारामाफीचे, म्हणजे शेतसारा माफ करण्याचे, ठराव वाचायला लागला. 1901 साली मुंबई इलाख्याच्या जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती झाली आणि सारा थकल्यामुळे जप्त झालेली जमीन, ती विकता किंवा गहाण टाकता येणार नाही अशा अटीवर, परत देण्याची सोय झाली. तिथपर्यंत तो आपला आपण पोचला. टीवायचा मुलगा. याला तुम्ही काय म्हणाल?

शिक्षांच्या वहीचंही सांगते. कुठल्या वह्या ठेवायच्या हे 1894 च्या तुरुंग कायद्यातच आहे: दाखल कैद्यांची, सुटकेच्या तारखांची, शिक्षांची, पाहुण्यांच्या शेऱ्यांची, कैद्याकडून काढून घेतलेल्या पैशांची आणि वस्तूंची. गोणपाटाचे कपडे, बेड्या, कमी शिधा, फटके, सगळं तिथे शिक्षा म्हणून आहे. फटके जास्तीत जास्त तीस. पण फटक्यांची शिक्षा दिली तर साक्षीचा सारांश, कैद्याचा बचाव आणि निर्णयाची कारणं अधीक्षकाने लिहिलीच पाहिजेत, असं कलम 51 म्हणतं. म्हणजे ज्याच्या पाठीशी कुणी नव्हतं त्याचं म्हणणं, साहेबाच्या शब्दांत का होईना, कागदावर यायला हवं. आता आमची मुलं वही उघडली की आधी बचाव शोधतात. तो दोन शब्दांत उरकलाय की चार ओळी लिहिल्यात, हे टिपून ठेवतात. मी त्यांना हे सांगितलं नव्हतं. उतरवून उतरवून त्यांना ते दिसायला लागलं.

फक्त पुण्यातच चालतं म्हणता. फिलाडेल्फियाच्या ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरीची, 1829 साली सुरू झालेल्या तुरुंगाची, कैद्यांच्या नोंदींची वही अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीने उतरवून सगळ्यांसाठी खुली केली आहे. ऑस्ट्रेलियात पाठवलेल्या कैद्यांच्या नोंदी 2007 साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत गेल्या. त्यातल्या उंचीच्या रकान्यावरून त्या काळच्या गरिबांना पोटभर मिळत होतं का, याचा अंदाज अभ्यासक बांधतात. ही सगळी मंडळी कारकून, असंच ना?

बाकीच्या मुद्द्यांवर वेळ घालवत नाही. चापेकर बंधूंना 1898 आणि 1899 मध्ये येरवड्यात फाशी झाली, 1932 चा पुणे करारही तिथलाच, हे मी आयुष्यभर वर्गात शिकवत आले. ते मला तुमच्याकडून शिकायचं नाही. तुरुंगांच्या भिंतींआड इतर माणसंही होती आणि आम्ही त्यांच्यावर काम करतो. नावं आम्ही छापत नाही, फक्त आद्याक्षरं देतो; वंशजांचा विषय तिथे संपला. मानधनाचं मुलांनी विचारलं तर मुलांना सांगेन.

दुसरी वही निम्मी उतरवून झाली आहे, दिवाळीच्या सुट्टीत पुरी होईल. दोन्ही वह्यांचे तक्ते या ब्लॉगवर येतील. त्यात चूक सापडली तर पान आणि ओळ देऊन लिहा, मुलं स्वतः उत्तर देतील. पुढची प्रतिक्रिया मात्र खऱ्या नावानिशी हवी. टोपणनावाने आलेली मी प्रसिद्ध करणार नाही.