फीमर कोणाच्या पिशवीत

नीटचा निकाल लागला की आमच्या एमबीबीएसच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तोच वाद पेटतो: ७२० पैकी इतक्या कमी गुणांवर प्रवेश मिळवणाऱ्यांच्या हाती उद्या रुग्ण सोपवायचे का? इंग्लंडमधली रात्रपाळी संपवून घरी परतताना मी हे वाचतो आणि चिडतो, कारण हे लिहिणारे बरेचसे महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या ७०:३० सूत्रानुसार स्वतःच्या विभागासाठी राखलेल्या ७० टक्के जागांवर शिकले आहेत. मराठवाड्यात कॉलेजे कमी, म्हणून तिथल्या मुलाची जागा जास्त गुण असूनही हुके, तेव्हा यांना गुणवत्ता आठवली नाही. ते सूत्र रद्द व्हायला २०२० साल उजाडले.

मी मराठवाड्यातला, उरलेल्या ३० टक्क्यांतून आलेला, घरातला पहिलाच पदवीधर. हाडांचा संच वरच्या बॅचकडून विकत घ्यायचा असतो, हे मला पंधरा दिवस कोणी सांगितले नाही. ज्यांच्या घरी डॉक्टर होते, त्यांच्या पिशवीत पहिल्याच दिवशी फीमर, म्हणजे मांडीचे हाड, होता.

इथे लंडनचे किंग्ज कॉलेज २००१ पासून वैद्यकीय शिक्षणासाठी साध्या सरकारी शाळांतल्या मुलांना कमी ग्रेडवर घेते, पहिले वर्ष दोन वर्षांत विभागून शिकवते आणि शेवटची परीक्षा मात्र सगळ्यांची एकच घेते. (तिथल्या जागा मोजक्याच असतात, हे मी ग्रुपवर सांगत नाही.) गेल्या जानेवारीत आमच्याकडच्या वैद्यकीय प्रवेशाच्या निवड-मुलाखतीत एक मुलगी म्हणाली, की आठव्या वर्षापासून ती जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, आजीची दुभाषी आहे आणि एकदा डॉक्टरांचे वाक्य तिने मुद्दाम मवाळ करून सांगितले होते. ते चूक होते हेही तिनेच सांगितले. मी तिला पूर्ण गुण दिले.

हे सारे मी ग्रुपवर अभिमानाने लिहिले. एवढेच लिहिले नाही, की त्याच महिन्यात रोज संध्याकाळी मी स्वतःच्या मुलीकडून दुसऱ्या विद्यापीठाच्या मुलाखतीची तयारी घोटून घेत होतो. तिचे आईवडील दोघेही डॉक्टर आहेत.

उत्तरादाखल एकाने एवढेच विचारले, की एमबीबीएसनंतरच्या वर्षभराच्या सक्तीच्या ग्रामीण सेवेऐवजी बाँडचे पैसे भरून मोकळा झालेला तूच ना? मी ग्रुप म्यूट केला. माझ्या वाट्याचे ते वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणी काढले, याची चौकशी मी आजवर केलेली नाही.