पडत्या टकळीची आज्ञा

मराठीत टकळी आधी तोंडाला लागते, हातात येते ती फार उशिरा. ‘काय मेली टकळी लावलीय’ असं म्हणणाऱ्यांनी खरी टकळी, म्हणजे सूत कातायची चकती लावलेली दांडी, कधी फिरवलेली नसते, हे मी पैजेवर सांगतो. तोंडाची टकळी थांबत नाही म्हणून लोक वैतागतात. हातातली दर पंधरा सेकंदांनी थांबते, आणि थांबली की बहुधा पडते.

म्हणून टकळ्यांची तुलना मी पडण्यावरून करतो. लाकूड शिसवी की सागवानी, पॉलिश कसलं, चकतीवर मोर आहे की कमळ, हे विकणाऱ्याने सांगावं. कातणाऱ्याला एवढंच कळायला हवं की ही बया कधी पडेल, का पडेल आणि पडल्यावर काय फुटेल.

पण त्याआधी पंखा. कातायला बसायचं तर पंखा बंद करावा लागतो, नाहीतर कापूस हातात कमी आणि वरणात जास्त. मे महिन्यात ‘जरा पंखा बंद करता का’ हे वाक्य घरात उच्चारून पाहा. त्यातून कोरड्या हवेत कापसाचा तंतू नाठाळ होतो आणि ओलसर हवेत त्याला बळ येतं. म्हणजे ज्या विदर्भात कापूस पिकतो, तिथल्याच उन्हाळ्यात तो कातायला सर्वांत छळतो. कूलर ओलावा देतो, पण सोबत वाराही देतो. शेवटी शेजारी ओलं फडकं टाकायचं आणि घाम पुसत बसायचं. फडकं घामाचं वेगळं ठेवा.

तर, टकळ्यांचे मूळ भेद दोनच: टेकती आणि लटकती. टेकतीचं टोक वाटीत असतं, तिचा भार वाटी सोसते. लटकती धाग्याला लोंबकळत फिरते, म्हणजे जो धागा अजून धड झालेलाच नाही त्यानेच तिचं ओझं उचलायचं. पोरगा नोकरीला लागला त्याच दिवशी त्याच्या नावावर गृहकर्ज काढावं, तसा प्रकार.

हे ओझं कोणाला पेलतं ते तंतूच्या लांबीवर ठरतं. कापसाचा तंतू अडीच-तीन सेंटिमीटरचा. शेजारच्या तंतूला धरून राहायला त्याला भरपूर पीळ लागतो, आणि तो पीळ चढेपर्यंत ओढ सहन होत नाही. लोकरीचा तंतू सात-आठ सेंटिमीटरचा, वर नागमोडी. थोड्या पिळातच एकमेकांच्या गळ्यात पडतो. म्हणून कापसाला टेकती, लोकरीला लटकती. नवखा माणूस नेमकं उलटं करतो: पन्नास ग्रॅमची देखणी लाकडी लटकती मागवतो आणि औषधाच्या दुकानातून कापसाचा रोल आणतो. त्या कापसातलं नैसर्गिक मेण उकळून काढलेलं असतं, कारण त्याने रक्त टिपायचं असतं. मेण गेल्यावर तंतू सरकायचं नाव घेत नाहीत. मग कोणीतरी उशीतला शेवरीचा कापूस सुचवतं. तो इतका गुळगुळीत की एकमेकांना धरतच नाही. पहिला सुटत नाही, दुसरा टिकत नाही, आणि दोष टकळीला.

आपली जुनी टकळी टेकती. वीतभर पोलादी सळई, खाली इंचभर रुंदीची पितळी चकती, वरच्या टोकाला बारीक खाच, वजन साधारण वीस-पंचवीस ग्रॅम. १९३७च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर गांधीजींच्या नई तालीमच्या, म्हणजे हाताने काम करत शिकायच्या, शाळांमध्ये ती पोरांच्या दप्तरात गेली, आणि आता आजोबांच्या ट्रंकेत तळाशी सापडते, बहुधा वाकलेली. वाकली असेल तर टेबलावर लोळवून पाहा. सळई एका जागी उचलली जात असेल तर तिथे हलक्या हाताने ठोका, नाहीतर ती फिरताना थरथरते आणि ती थरथर धागा कापते.

वाटी म्हणून मला नारळाची करवंटी आवडते. स्टीलच्या वाटीत टकळी कर्रर्र ओरडते, चिनी मातीच्या वाटीत टोक घसरतं. करवंटी गुमान राहते. हातभर जुना धागा चकतीच्या वर बांधायचा, सळईवर मळसूत्री चढवत खाचेत अडकवायचा. डाव्या हातात पेळू, म्हणजे पिंजलेला कापूस काडीवर गुंडाळून काडी काढून घेतलेली बोटभर जाडीची पोकळ गुंडाळी. तो चिमणीचं पिल्लू धरावं तसा धरायचा; दाबला की संपलं. उजव्या हाताने चुटकी वाजवल्यासारखी टकळी फिरवायची आणि डावा हात हळूहळू वर न्यायचा.

इथे खरी गंमत आहे. पीळ नेहमी बारीक जागेकडे धावतो. बारीक भाग आधी घट्ट होतो, जाड फुगवटा मऊच राहतो. म्हणून ओढताना पीळ अर्धाच द्यायचा. फुगवटे मऊ असतात तोवर ओढून सरळ करता येतात. हात खांद्याच्या वर गेला, दोनेक फूट तार निघाली, ती एकसारखी दिसली, की मग पुन्हा चुटकी आणि उरलेला पीळ. आधीच सगळा पीळ दिला तर फुगवटा कायमचा, आणि लोभाने जास्त दिला तर तो पेळूत शिरून पेळूचीच सुतळी करतो. पीळ पुरला का हे पाहायला धागा जरा सैल सोडा. लगेच स्वतःभोवती वळला तर पुरला. नुसता लोंबला तर अजून द्या. चहाच्या चाळणीतल्या केसासारखा कुरळा झाला तर थांबा.

धागा तुटतोच. तेव्हा दोन्ही टोकं विस्कटून, मऊ करून, दोन-तीन सेंटिमीटर एकमेकांवर ठेवायची आणि त्यांत पीळ शिरू द्यायचा. पिळाचं ताठ टोक दुसऱ्याशी जुळत नाही. दोघांनी आधी थोडं विस्कटावं लागतं. सूत जुळणं ते हेच. खादीच्या जुन्या हिशेबात चार फुटांची एक तार आणि ६४० तारांची गुंडी. प्रत्येक खेपेला दोन फूट धरले, तर एका गुंडीला बाराशे ऐंशी वेळा हात वर. दर १२ फेब्रुवारीला अशी गुंडी गांधीजींना सूतांजली म्हणून देणाऱ्यांच्या खांद्यांना माझा दंडवत.

टेकती पडत नाही, फार तर कलंडते आणि ठण्ण वाजते. पडण्याचं शास्त्र लटकत्यांकडे.

चकती वर असलेली लटकती टोकाच्या आकड्यातून धागा घेते. दांडी मांडीवरून तळहाताने लोळवली की सुसाट सुटते. तिचं दुखणं गुंडाळणीत: कुकडी, म्हणजे दांडीवर गुंडाळलेलं सूत, एका अंगाला फुगली की ती डगमगते, आणि डगमगली की पीळ थांबून थांबून चढतो. चकती खाली असलेली संथ, भारदस्त, पण तिच्यात धागा वरच्या टोकाला अर्ध्या गाठीने अडकवावा लागतो. गाठ सरकली की टकळी सरळ पायाच्या अंगठ्यावर. इथे दोष शंभर टक्के तुमचा, तरी शिव्या तिलाच.

वजन चकतीच्या कडेला असेल तर टकळी हळू पण बराच वेळ फिरते, जात्यासारखी. मध्याजवळ असेल तर भोवऱ्यासारखी भिरभिरते आणि लवकर दमते. दमली की क्षणभर थांबते, आणि मग गुपचूप उलटी फिरायला लागते. हा क्षण ओळखता आला तर अर्धी विद्या आली. उलट फिरताना ती आतापर्यंतचा पीळ काढून घेते, तंतू हात सोडतात, खाली फरशी. नवख्याने टकळी थांबायच्या आत गुडघ्यांत दाबून धरावी, साठलेला पीळ चिमटीत अडवावा आणि मग निवांत तंतू ओढावेत. दिसायला बावळट दिसतं, पण पडत नाही.

तुर्की टकळीला चकतीऐवजी एकमेकींत घुसणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या. धागा त्यांच्या चार टोकांपैकी दोघांवरून आणि एकाखालून असा गुंडाळत गेलं की शेवटी दांडी ओढायची, पट्ट्या काढायच्या, हातात तयार गोळा. गुंडी करायचा त्रास नाही. पण पडली तर तिचे तीन तुकडे तीन दिशांना जातात, आणि त्यातला एक नेहमी सोफ्याखाली.

घरगुतीत सीडीची टकळी पहिली. कोणाच्या तरी लग्नाच्या दोन सीड्या, ज्या लावायला आता घरात यंत्र नाही आणि फेकायची हिंमत नाही. मधलं भोक १५ मिलिमीटरचं. त्यात रबरी वायसर, वायसरमधून ९ मिलिमीटरची फूटभर लाकडी दांडी, टोकाला हार्डवेअरच्या दुकानातला पेचाचा हूक. हूक बरोबर मध्यावर हवा. तो केसभर सरकला तर दोन्ही घरची मंडळी थरथरताना दिसतात. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, बरचसं कडेकडे, म्हणून जाड लोकरीला उत्तम. घोंगडीची खरबरीत दख्खनी लोकर मिळाली तर ती चुका पोटात घालते. कापसाला ही टकळी लावू नका. बारीक लोकरीलाही नको, तिला पंधरा-वीस ग्रॅमची हवी. आणि कुकडीचंही वजन चढतं हे विसरू नका: सकाळी न तुटणारा धागा संध्याकाळी तुटायला लागला, तर बोटं बिघडलेली नसतात, टकळी जाडजूड झालेली असते.

दुपदरी करायचं तर दोन कुकड्या घेऊन उलट्या दिशेने पीळ द्यायचा. जानव्याचं सूत याच हिशेबाने तीनाचं तीनपट, नऊ पदरी होतं. त्यासाठी टकळी जरा जड चालते, धागा आता कमावता असतो.

शेवटी कुकडी सळईवरून काढा, झाकणाच्या डब्यात ठेवा, झाकण लागलं का ते पुन्हा पाहा. आणि मगच पंखा लावा.