पावती नसलेला नकार

डिजिटल तंत्रज्ञानाने समाज ताब्यात ठेवला जातो का, हा वाद आपल्याकडे निघाला की दोन ठरलेल्या बाजू पडतात. ‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची’ असे एक बाजू विचारते, आणि ‘सरकार आपल्यावर पाळत ठेवते आहे’ असे दुसरी बजावते. बारा वर्षे बर्लिनमध्ये राहिल्यावर मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण दोघींचेही लक्ष सरकारला किती माहिती आहे यावरच खिळलेले असते.

जर्मन सरकारला माझ्याबद्दल पुष्कळ माहिती आहे. घर बदलले की दोन आठवड्यांत, घरमालकाचे पत्र जोडून, नव्या पत्त्याची नोंद करावी लागते. करासाठी अकरा आकडी कायमचा क्रमांक असतो, आणि परदेशी नागरिकांची वेगळी केंद्रीय नोंदवही आहे, तिच्यात माझेही नाव आहे. तरीही 1983 मध्ये जनगणनेच्या प्रश्नावलीवरून इथे मोठे आंदोलन उभे राहिले. नाझी राजवटीत याद्यांचा उपयोग कशासाठी झाला, हे आठवणारी पिढी तेव्हा हयात होती. त्या वर्षी 15 डिसेंबरला इथल्या घटनात्मक न्यायालयाने दिलेल्या निकालातला युक्तिवाद मला आजही मोलाचा वाटतो: आपल्या वागण्याची नोंद कुठे होते हे ज्याला कळत नाही, तो वेगळे वागणेच टाळू लागतो, सभेला जाण्याआधी दोनदा विचार करतो, आणि त्यात त्याच्या एकट्याचे नव्हे तर लोकशाहीचे नुकसान होते. त्याच न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2023 रोजी हेसेन आणि हॅम्बुर्ग या राज्यांतील पोलिसांना माहितीच्या स्वयंचलित विश्लेषणाची मुभा देणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. म्हणजे मोह इथल्या सरकारांनाही होतोच.

दोन वर्षांपूर्वी मी एका पत-माहिती संस्थेकडे माझ्या नोंदींची प्रत मागितली. युरोपच्या 2018 पासून लागू असलेल्या नियमांनुसार ती एका महिन्यात द्यावी लागते. पाकिटातून आलेल्या कागदांत मी केव्हाच सोडलेले एक घर माझा सध्याचा पत्ता म्हणून छापलेले होते. मी पत्र लिहिले, आणि दुरुस्ती झाल्याचे उत्तर लेखी आले.

त्याच वर्षी सुट्टीत मावशीबरोबर गावातल्या रेशन दुकानात गेलो होतो. जन्मभर भातलावणी केलेल्या तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. दुकानदाराने, जो भला माणूस आहे, तिचा अंगठा ओल्या फडक्याने पुसला, पुन्हा मशीनवर दाबला, मग एकेक करून बाकीची बोटेही लावून पाहिली, आणि शेवटी म्हणाला, “मावशी, अंगठा लागत नाही. उद्या या.” परतताना ती एवढेच म्हणाली, “माझंच बोट खोटं पडलं रे.” तिसऱ्या दिवशी ठसा जुळला आणि धान्य मिळाले. मिळालेल्या धान्याची पावती तिच्या हाती आली. ज्या दोन खेपा रिकाम्या गेल्या, त्यांचा एक चिटोराही तिच्याकडे नव्हता.

ठसा जुळला नाही म्हणून धान्य अडवू नये, असे केंद्राने राज्यांना 2017 मध्येच कळवले होते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल त्याच वर्षी 24 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने दिला. पण 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने केंद्राला आपल्या यंत्रणांना अधिसूचनेद्वारे त्या कायद्यातून सूट देण्याची मुभा दिली, आणि माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचे कलमही बदलून अधिक बंदिस्त केले. ज्या महाराष्ट्राने देशाच्या आधी, 2002 मध्ये, माहिती अधिकाराचा कायदा केला, तिथे यावर याहून मोठा आवाज उठायला हवा होता.

आधारने खोटी नावे वगळली, पैसे थेट खात्यात जाऊ लागले, मधले हात कमी झाले, असे मला मित्र सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. परदेशात बसून गावाला शहाणपण शिकवण्याचा मला हक्क नाही, हेही मी मानतो. तरी मावशीच्या वतीने एक मागणी करतो. अंगठा जुळला नाही की मशीनमधून तारीख, वेळ आणि कारण छापलेली पावती निघावी, आणि तिच्यावर तक्रार कोणाकडे करायची ते मराठीत लिहिलेले असावे.