तारा ओढणाऱ्यांनी काय करायचं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चिडून का होईना, सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कोळसा जळतो चंद्रपूर-कोराडीला, महावितरण नुसत्या तारा ओढतं, तेव्हा त्यांच्या पर्यावरणाच्या गप्पा हा देखावा, आणि सौर प्रकल्पांपायी गायरानं मात्र जातात.

पहिला मुद्दा मला पटत नाही. कोळसा किती जळणार हे गिऱ्हाईक कधी आणि कुठली वीज घेतं त्यावर ठरतं, आणि इथलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक महावितरणच आहे. शेतीपंपांना वर्षानुवर्षं पाळीपाळीने रात्रीची लाइट मिळाली. विंचूकाट्यात दारं धरायची ते वेगळंच, पण ती वीज मुख्यतः औष्णिक. तोच भार दुपारी आणायचा, हा 2017 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा गाभा. उपकेंद्राजवळ प्रकल्प, तिथून वीज थेट 11 केव्हीच्या शेती फीडरवर, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीवर. एका मेगावॉटमागे वर्षाला साधारण 15 लाख युनिट; युनिटला 650-700 ग्रॅम कोळसा धरलात तर हजार टन वाचला. आभाळ भरलं की पुन्हा कोळसाच, हेही खरं.

पण तारांचंही बोलूच, कारण तिथं कुणी मंत्री फीत कापायला येत नाही. डीपीपासून (रोहित्रापासून) लांबवरचा पंप, मध्ये चोरून टाकलेले दोन-चार आकडे. तारेतला प्रवाह दुप्पट झाला की उष्णतेत जाणारी वीज चौपट होते. त्यात सगळ्यांचे ऑटोस्विच. लाइट आली की साऱ्या मोटारी एकदम उचलतात आणि डीपीचा फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जळते. मोटारीला कॅपॅसिटर बसवा, तारेतला प्रवाह कमी होतो, म्हणून वायरमन सांगून थकतो. बसवलेला असला तरी कित्येकदा त्याची वायर सोडवून ठेवलेली. 11 केव्हीची लाइन पंपापर्यंत नेऊन एक-दोन पंपांना स्वतंत्र डीपी देणं (एचव्हीडीएस) हा पक्का उपाय, पण खर्चिक. कॅपॅसिटर त्या मानाने फुकटात पडतो.

गायरानाबद्दल मात्र तुमच्याशी बऱ्यापैकी सहमत. मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. कागदावर पडीक असलेल्या जागेत मेंढरं चरत असतात, भूमिहीनांची पेरणी असते. योजनेत खासगी जमीनही हेक्टरी सव्वा लाख वार्षिक भाड्याने घेता येते. गायरानाला नाममात्र एक रुपया भाडं, म्हणून आधी तिकडे बोट दाखवलं जातं, हे चूकच.

तुम्ही न काढलेला मुद्दा मला जास्त टोचतो : पाणी. दिवसाची लाइट, त्यात 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना बिल माफ. बोअर बंद करायला कारणच उरत नाही. वेगळ्या केलेल्या शेती फीडरला उपकेंद्रात मीटर असतं. तेवढे आकडे महिन्याच्या महिन्याला भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे गेले, तरी कुठल्या शिवारात उपसा वाढतोय ते विहिरी आटायच्या आत कळेल.